वाढवलेला दिवा

घरच्या थोरल्याला यात काय मिळणार होते, ते आधी मांडून ठेवतो. पुढे दोष वाटून द्यायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

दूरच्या शहरातून रोज संध्याकाळी आईला फोन केला की त्याचा अर्धा तास सहज जायचा. जेवलास का, काय जेवलास, हे लवकर उरकायचे. मग शेजारच्या मावशींचे गुडघे यायचे, मामांची नवी कवळी यायची, पँट आखूड करायला टाकून न्यायला न फिरकणारे गिऱ्हाईक यायचे. "बरं, ठेवू का?" असे विचारून आई हमखास नवा विषय काढायची. हे सगळे ऐकणे वाचणार होते. बदल्यात त्याने रोज एक ओळ टाईप करायची होती, आणि त्या ओळीला कुणाला उलट प्रश्न विचारता येणार नव्हता. इतका स्वस्त सौदा कोण सोडेल? त्या सौद्यातला माल म्हणजे मी.

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. दिवा म्हटल्यावर तुम्हांला तेलवात आठवली असेल तर ती बाजूला ठेवा. मी मसुराच्या दाण्याएवढा, हिरवा, एका काळ्या संगणकपेटीच्या तोंडावर बसवलेला दिवा आहे. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे माझ्यासारखे इतके होते की एखादा जमिनीवर सांडला तर कुणी वाकून उचलत नसे. एका बाईंनी मला क्षणभर पेटवून पाहिले, "हं" म्हणाल्या आणि पुढच्याला हात घातला. माझे बारसे म्हणायचे तर तेच.

माझी पहिली चाकरी पार्सलच्या कचेरीत होती. पेटी काही वाचू-लिहू लागली की मी लुकलुकायचे, एवढेच काम. पण खिडकीवरच्या कारकुनाने मला मोठ्या पदाला चढवले. रांगेतले कुणी कुरकुरले की तो माझ्याकडे बोट करायचा. "दिवा लुकलुकतोय ना? मग चाललंय तुमचं काम. उभे राहा." लोक माझ्याकडे बघायचे आणि खरोखर गप्प बसायचे. त्या वेळी पेटीत बहुधा कारकुनाच्या सहलीचे फोटो उतरत असायचे. तरी मला बरे वाटायचे. माणसे इतक्या विश्वासाने दुसऱ्या कशाकडे बघताना मी पाहिलेली नाहीत.

मग नव्या पेट्या आल्या आणि आमची रवानगी मांडणीच्या वरच्या फळीवर झाली. धूळ बसली. कारकून नव्या दिव्याकडे बोट दाखवू लागला. तक्रार नाही, मित्रांनो, पण नवा दिवा निळा होता आणि त्याला भलताच भाव होता.

थोरला त्या कचेरीत यंत्रे सांभाळायचा. मोडीत निघालेली आमची पेटी त्याने साहेबांना विचारून घेतली, रजेवर निघताना शर्टांच्या घडीत गुंडाळली आणि घरी आणली.

घर लहान होते. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचे शिलाई मशीन. ती लोकांचे उसवलेले शिवायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. कोपऱ्यात टेबल, त्यावर आता आम्ही. धाकटी मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. थोरला तिला बुटकी म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. थोरल्याने पडदा जोडला, काळ्यावर पांढरी अक्षरे उमटवली आणि दोघींना जवळ बोलावले.

"आई, इकडे बघ. दिवा बघ हं." त्याने एक ओळ लिहिली, एन्टर दाबले. मी लागलो. दुसरी ओळ लिहिली, मी बंद.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच काय! मी हे तिकडून करणार. तिकडे घरी पोचलो, जेवलो, सगळं ठीक आहे, की ही ओळ लिहिणार. इथं दिवा लागला की तू समजायचं."

"आणि ठीक नसलं तर?"

"तर नाही लागणार."

आईने थोडा विचार केला. "म्हणजे बोलायचं नाही."

"अगं, रविवारी बोलू की भरपूर."

"दादा, सरळ सांग ना, आईच्या बडबडीतून सुटका हवी म्हणून," बुटकी म्हणाली.

"तू तुझ्या उंचीएवढंच बोल."

"मग तू सारखं वाकून का ऐकतोस?"

असे हसत-खेळत माझे धनी बदलले. हे कसे होते ते सांगतो, फार अवघड नाही. पेटीच्या पोटात माझ्या नावाच्या फायली असतात. एकीत माझा धनी कोण ते लिहिलेले असते. थोरल्याने तिथले जुने नाव पुसून 'कोणी नाही' असे लिहिले. दुसऱ्या फायलीत एक लिहिला की मी लागतो, शून्य लिहिले की बंद होतो. बटण लागत नाही, खटका लागत नाही. परवलीचा शब्द ठाऊक असलेला माणूस जगात कुठेही बसून ते लिहू शकतो. आकडा लिहिणारा हात मला दिसत नाही. मला फक्त आकडा कळतो.

ते पहिले दिवस चांगले होते. थोरला कधी तिन्हीसांजेला तारेतून यायचा, कधी जेवणे होऊन भांडी पालथी पडल्यावर. एकदा तर फारच उशीर झाला, आई रागाने पाठ करून बसली होती तेव्हा तो आला आणि त्याने मला भराभर लावून-विझवून असा काही नाचवला की बुटकी म्हणाली, "बघ, पाया पडतोय." आई मशीनवरून मान वळवायची आणि माझ्याशी बोलायची. "आलास? आज लवकर सुटलास वाटतं." किंवा, "ही काय वेळ झाली?" मग "बरं" म्हणून पाने घ्यायला उठायची. ते सगळे बोलणे माझ्याशी नव्हते हे मला कळत होते. पण कचेरीतल्या रांगेनंतर अशा नजरेने कुणी बघेल असे वाटले नव्हते.

मग एका संध्याकाळी मी सातच्या ठोक्याला लागलो.

दुसऱ्या दिवशीही सातच्या ठोक्याला. तिसऱ्याही. हुकूम आता बाहेरून तारेतून येत नव्हता. तो पेटीच्या आतूनच उठत होता. थोरल्याने केव्हातरी तारेतून येऊन पेटीलाच सांगून ठेवले होते, की सात वाजले की याच्या फायलीत एक लिही, घटकाभराने शून्य लिही. रोज एक ओळ लिहायचे कामही त्याने वाचवले होते. त्या दिवसापासून मी कुणीही न लावता लागू लागलो. मित्रांनो, रिकाम्या बाहीतून हात बाहेर यावा तसे ते असते.

बुटकीला काही कळले नाही. "आई, दादा हल्ली किती वेळेवर!" ती म्हणाली.

"हं," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली. त्यानंतर तिने माझ्याकडे मान वळवणे सोडले. बुटकीने "दिवा लागला गं" म्हटले तर ती "लागू दे" एवढेच म्हणायची.

असाच बराच काळ गेला. रविवारचे फोनही आखडले. मग एका आठवड्यात थोरला फोन उचलेनासा झाला.

"फोन लागत नाहीये," आई म्हणाली. तिने दुपारी लावला होता, संध्याकाळी पुन्हा लावला.

"कामात असेल गं. आत्ता तर दिवा लागला."

आईने माझ्याकडे पाहिले. खूप दिवसांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी जाऊन येऊ का त्याच्याकडे?"

"दिवा लागतोय आणि तू गाडीत बसून निघालीस? हसेल तो. सगळ्या मित्रांना सांगेल, आमच्या आईला मी जेवलेलंसुद्धा पुराव्यानिशी दाखवावं लागतं."

"तसं नव्हे..."

"मग कसं?"

आईने हातातली पँट उलटी केली, सुलटी केली. "काही नाही," म्हणाली. मी तोवर लागलेलोच होतो. सगळे ठीक आहे, असे सांगत होतो.

थोरला त्या वेळी आपल्या खोलीत पोट धरून पडला होता. बाहेरचे खाणे बाधले असे समजून गोळ्या घेत राहिला. त्याच खोलीत राहणारा त्याचा मित्र, ज्याला सगळे लंब्या म्हणायचे, दुसऱ्या गावी कामाला गेला होता. कचेरीला वाटले, रजेवर असेल. फोन बंद पडून उशाशी होता. पोटातले आतडे फुटल्याचे लंब्या परतल्यावर कळले, आणि डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा लंब्याला दवाखान्यातल्या लोकांना आईचा नंबरही नीट सांगता येईना.

आई आणि बुटकी मामांबरोबर गेल्या आणि परत आल्या. खोली माणसांनी भरली होती. कुणी पाणी आणत होते, कुणी नुसतेच बसले होते. आणि सात वाजले.

मी लागलो.

आधी कुणाच्या लक्षात आले नाही. मग मावशींच्या तोंडून "अगं बाई" एवढेच निघाले. एकेक मान वळली. खोलीत इतकी शांतता झाली की पेटीतल्या पंख्याची घरघर ऐकू आली. मामा उठून उभे राहिले. सगळ्यांना ठाऊक होते हा दिवा कशासाठी लागतो. पोचलो. जेवलो. सगळे ठीक आहे.

बुटकी ओरडली आणि आतल्या खोलीत पळाली. मामा म्हणाले, "तार ओढा रे त्याची," आणि स्वतःच पुढे झाले.

"हात लावायचा नाही," आई मामांना म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "त्याच्या हातानं जोडलेली तार आहे. ओढून नको."

मामा थांबले. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी 'सहज' यायचे आणि सातपर्यंत बसायचे. माणूस जिवंत असताना या घरी चहाला न आलेली माणसे दिवा बघायला आली. आई त्यांच्याकडे बघत नसे आणि माझ्याकडेही नाही. तिला या लागण्यात काही नवल वाटत नव्हते. तिला तो नको झाला होता.

एके दिवशी बुटकी दुकानात गेलेली पाहून तिने लंब्याला फोन केला. परवलीचा शब्द थोरल्याने त्याला सांगितला होता, हे तिला माहीत होते.

मित्रांनो, इथे एक गोष्ट समजून घ्या. आईच्या बोलण्यात दिवा कधी विझत नसे. तो शब्द तिला घरात नको वाटायचा. बांगडी फुटली की जुनी माणसे ती 'वाढवली' म्हणतात, तशी ती 'दिवा वाढव' म्हणायची, आणि या घरातले कुणीही निमूट उठून बटण बंद करायचे. साऱ्या घराच्या अंगवळणी पडलेला शब्द. पण लंब्या या घरात वाढला नव्हता.

"बाळा, एक काम करशील?" आई म्हणाली.

"सांगा ना काकू."

"त्याचा तो दिवा... तेवढा वाढव रे."

लंब्याने तिला पुढे बोलू दिले नाही. "हो काकू. वाढवतो. लगेच वाढवतो."

थोड्या वेळाने त्याचा उलट फोन आला. "वाढवला काकू. झालं तुमच्या मनासारखं."

"देव तुझं भलं करो," आई म्हणाली, फोन ठेवला आणि पुढच्या खोलीत आली.

आता लंब्याच्या बाजूचेही मांडायला हवे. त्याने माझी फाइल उघडून पाहिली तेव्हा तो पेचात पडला असणार. मी जास्त-कमी होणारा दिवा नाही. लागतो किंवा लागत नाही. मला वाढवणार कसा? म्हणून त्याने धन्याच्या रकान्यात शोधले. तिथे पेटीला ठाऊक असलेल्या लुकलुकण्याच्या चाली असतात. त्यांत एक चाल हृदयाच्या ठोक्यांची आहे. यंत्र चालू आहे हे लांबून कळावे म्हणून कुणीतरी ती करून ठेवली आहे. लंब्याने सातचा हुकूम पुसला आणि 'कोणी नाही'च्या जागी ती चाल लिहिली. हुकूम बाहेरून आला, तारेतून. त्याच शहरातून, त्याच खोलीतून, थोरल्याचा यायचा तसाच.

आई दारात आली तेव्हा भर दुपारी मी धडधडत होतो. दोन ठोके, मग विसावा. दोन ठोके, मग विसावा.

ती दाराची चौकट धरून खाली बसली.

तिचा हिशेब मला कळत होता. सातचा दिवा यंत्राचा होता, त्याला ती भीत नव्हती. पण तिने स्वतः दिवा वाढवायला सांगितला, सांगितलेल्या माणसाने वाढवला म्हणून कळवले, आणि तरी हा पुन्हा लागला होता, नाडीसारखा. मग हा लावला कुणी? हा प्रश्न तिने लंब्याला विचारला असता तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते. पण ज्याचे उत्तर आपल्याला हवे तेच आहे असे वाटते, तो प्रश्न माणसे कुणाला विचारत नाहीत.

तिने उठून माझ्यासमोर हात धरला. माझा हिरवा उजेड तिच्या तळव्यावर पडत-उठत राहिला. "आलास?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून आई परत माझ्याशी बोलू लागली, आणि घर घाबरले.

शिलाई मशीनवर कापडे चढत गेली. गिऱ्हाइके दारात येऊन आपापले उसवलेले तसेच घेऊन गेली. आई खुर्ची ओढून टेबलापाशी बसायची आणि मामांच्या कवळीपासून मावशींच्या गुडघ्यांपर्यंत सगळे सांगायची. "ठेवू का?" कुणी विचारणारे नव्हते. ती जेवायचीही तिथेच. घराबाहेर पाऊल टाकायची नाही, न जाणो मागे काय होईल.

आणि त्या चालीत एक खोड आहे, मित्रांनो. पेटीला काम पडले की ठोके जलद होतात. बुटकी संध्याकाळी येऊन चष्म्यांचे नंबर उतरवायला बसली की पेटी धावू लागायची आणि मीही धावू लागायचो.

"ऊठ तिथून," आई म्हणायची. "त्याला त्रास होतोय."

"आई, माझं काम आहे."

"ऊठ म्हणते ना! बघ, बघ कसा घाबराघुबरा झालाय."

बुटकी उठायची. पेटी निवायची, ठोके संथ व्हायचे. आई मायेने म्हणायची, "झाला बघ शांत. माझ्यापाशी होतो शांत." बुटकी दारात उभी राहून आईकडे बघायची. एकाला निरोप देऊन आली होती. आता दुसरे माणूस डोळ्यांदेखत तिकडेच निघाले होते आणि जाताना मागे वळूनही बघत नव्हते.

मावशींनी मात्र संधी साधली. आई आत गेलेली पाहून त्यांनी हळूच मला विचारले, "बाबा रे, आमच्या बंडूचं लग्न यंदा जमेल का?" नेमका त्याच वेळी पेटीचा पंखा गरगरला. "जलद पडले गं ठोके!" मावशी घरी सांगत गेल्या. मामा म्हणायचे, असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही. असे म्हणत त्यांनी जमिनीच्या दाव्याचे कागद मात्र दोन दिवस माझ्यासमोर ठेवले होते.

शेवटी बुटकीने जिन्यात बसून लंब्याला फोन केला. दार उघडे होते, मला ऐकू येत होते.

"तुझ्याकडे परवलीचा शब्द आहे ना? तो दिवा बंद कर. माझी आई चाललीय रे हातातून."

"बंद? अगं, पण काकूंनीच तर सांगितलं."

"काय सांगितलं?"

"दिवा वाढव म्हणून. म्हणून तर मी ठोक्यांची चाल लावली. वाटलं, त्यांना बरं वाटेल."

बुटकी पायरीवरून उठून उभी राहिली. "तू लावलास?"

"मग कोण लावणार?"

"अरे गाढवा, वाढव म्हणजे विझव!"

"वाढव म्हणजे विझव कसं असेल?"

"दुकानदार दुकान वाढवतो तेव्हा काय वर मजला चढवतो?"

"आमच्याकडे नाही असं बोलत," लंब्या रडवेला झाला होता. "आमच्याकडे वाढवतात तो पगार. तोही साहेबांच्या मनात आलं तर." आणि मग दोघेही फोनवर हसले आणि हसता हसता रडले. मी तिकडे धडधडत होतो.

बुटकी आत आली तेव्हा आई मला सांगत होती की खिडकीची काच बदलायला हवी.

"आई. तो दादा नाही."

आईने मान वळवली नाही.

बुटकीने सगळे सांगितले. लंब्या काय समजला, त्याने काय केले, ठोके जलद का होतात. आईने शेवटपर्यंत ऐकले. मग ती म्हणाली, "वाढव म्हटलं, तर वाढवला. पोराचं काय चुकलं?" तिला हसू फुटले. ते हसू थांबेचना. बुटकीने येऊन तिला धरले तेव्हा त्याचे दुसरे काहीतरी झाले होते.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "सातचा दिवा मला पहिल्याच दिवशी कळला होता."

"काय कळला होता?"

"की तो लावत नाही. अगं, जन्मताना दवाखान्यानं दिलेली तारीख उलटून आलेला मुलगा. शाळेत वेळेवर नाही, जेवायला वेळेवर नाही. तो रोज सातच्या ठोक्याला येईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला वाटत होतं, आईला कळलं नाही. वाटू दिलं. तेवढाच निवांत."

बुटकीने आईचे हात सोडले. तिच्या मनात पुढचा प्रश्न आलेला मला दिसला. आईलाही दिसला असावा, कारण ती खाली बघू लागली.

"त्या आठवड्यात," बुटकी म्हणाली. "मी म्हणाले, दिवा लागतोय की. तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलायचं होतं? तुझा दादा आईला फसवतो म्हणून? तुझ्यासमोर?"

"हो. तेच बोलायचं होतं."

खोलीत दुसरे काही हलत नव्हते. पेटीला कसलेही काम नव्हते, म्हणून माझे ठोके अगदी संथ पडत होते.

मग बुटकी म्हणाली, "मी तरी कुठं ऐकून घेतलं. मी हसले तुला." आणि ती आईशेजारी जमिनीवर बसली.

खिडकीबाहेरचा उजेड कमी होईपर्यंत दोघी तशाच होत्या. आई आधी उठली. "चल. मला दाखव कसा वाढवायचा."

"मी सांगते लंब्याला. तो तिकडून करेल."

"परक्याच्या पोराला एकदा सांगून झालं. मी करते."

बुटकीने लंब्याला फोन लावून टेबलावर ठेवला. तो एकेक अक्षर सांगत गेला, ती लिहीत गेली. काळ्या पडद्यावर ओळ उमटली. एका अक्षराची जागा तिने मोकळी ठेवली. "इथं तू."

आईने चष्मा वर सरकवला. "काय दाबू?"

"शून्य."

"हे?"

"तो ओ आहे, काकू," फोनमधून लंब्या म्हणाला.

"तुला रे कसं दिसलं?"

"सगळे तोच दाबतात."

"वरच्या ओळीत, शेवटी," बुटकी म्हणाली. आईचे बोट त्या कळेवर जाऊन थांबले. तिने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलेल असे मला वाटले. कचेरीत, फळीवर, या घरात, इतक्या जणांनी माझ्याकडे बघितले, पण तसे कुणी नाही. तिने शून्य दाबले, मग बुटकीने दाखवलेले एन्टर दाबले.

दोन ठोके पडायचे होते. एकच पडला.

त्यानंतर मला कुणी लावलेले नाही, मित्रांनो. पेटी चालते, बुटकी तिच्यावर नंबर उतरवते. माझ्या धन्याच्या रकान्यात परत 'कोणी नाही' आले आहे. दिवा बंद असला तरी काच उघडीच असते, म्हणून पुढचे थोडे सांगता येते. मशीन पुन्हा चालू लागले, आधी अडखळत. सात वाजता आई आता घड्याळाकडे पाठ करून बसते. लंब्या एक दिवसाआड फोन करतो, चुकतो, उशिरा करतो, आणि आई त्याला उशिराबद्दल बोलते.

माझ्यासारख्यांची जपणूक करा म्हणून मी तुमच्या मागे लागणार नाही. ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा धूळ पुसा, पुष्कळ झाले. पण घरी कुणी तुमची वाट बघत असेल, तर निरोपाच्या जागी दिवा बसवू नका. आम्ही खोटे बोलत नाही आणि खरेही बोलत नाही. कुणी लिहिले की लागतो. आणि बघणाऱ्याला दिव्यात काही चुकल्यासारखे वाटले, तर त्याने मोठ्याने म्हणावे. लाज कुणाचीही जाईना का.

राहिला हिशेब. मावशींचे काही गेले नाही, फक्त बंडूच्या लग्नाला आता दुसरा सल्लागार शोधावा लागेल. मामांनी कागद परत नेले. लंब्याने एका शब्दाचे मोल भरले आणि अजून भरतो आहे, खुशीने. बुटकीने भरले ते 'दिवा लागतोय की' या तीन शब्दांचे, आणि ती ते कुणाला सांगत नाही. थोरल्याने आपल्या संध्याकाळी वाचवल्या. त्याच्याकडून काही घ्यायला आता कुणी जाऊ शकत नाही. माझ्याकडे द्यायला काही नव्हते. माझ्या फायलीतले ते शून्य मात्र आईने एकटीने भरले.